दंशाची दुसरी बाजू : महाबळेश्वर, डास आणि कुत्रा

लॉडविक पॉइंटवर कोणा पाहुण्याला घेऊन गेलो, की तिथल्या स्तंभापाशी मी एक गोष्ट हमखास सांगतो. १८२४ साली पीटर लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी जंगल तोडत या कड्यापर्यंत आला. पुढे तो जनरल झाला आणि त्याचे नाव या टोकाला मिळाले. त्या दिवशी त्याच्या चार पावले पुढे चालणारा त्याचा कुत्रा बिबट्याने उचलून नेला, अशी हकीकत महाबळेश्वरच्या जुन्या माहितीपुस्तकांत येते. थंड हवेचे ठिकाण म्हणून महाबळेश्वरचा जो इतिहास लिहिला गेला, त्याच्या पहिल्याच पानावर असा एक कुत्रा आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तो कशाने मेला, एवढे मात्र आपल्याला ठाऊक आहे, कारण मारणारा जनावर डोळ्यांना दिसणारा होता.

आमच्या घरचा मोत्या कशाने मेला, हे मात्र आम्हाला कळले नाही. या लेखाचे मूळ तिथे आहे.

मोत्या आमच्याकडे १९७१ साली आला. आसामात चहामळ्यावर नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ हवापालटासाठी महाबळेश्वरात येऊन राहिले होते. मुंबईला मुलाकडे कायमचे जाताना त्यांनी आपला तांबूस रंगाचा, चार-पाच वर्षांचा कुत्रा आबांच्या स्वाधीन केला. पहिले वर्ष तो माझ्याबरोबर वेण्णा तलावापर्यंत धावत जाई आणि धावत येई. दुसऱ्या वर्षी चढावर थांबू लागला. मग खोकला आला. कोरडा, पहाटेचा, जरा धावला की वाढणारा. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या फासळ्या दिसू लागल्या आणि पोट मात्र पखालीसारखे फुगले. १९७४ च्या दिवाळीआधी तो गेला. आबा एवढेच म्हणाले, "हवा सोसली नाही त्याला."

मी इतिहासाचा मास्तर. पुढे पस्तीस वर्षे मुलांना शिकवताना 'हवा' या शब्दाशी माझी गाठ वारंवार पडली, आणि दर वेळी आबांचे ते वाक्य आठवत राहिले. कारण महाबळेश्वर वसले तेच मुळी हवेच्या सिद्धान्तावर.

हवेवर वसलेले गाव

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार केला. वाईजवळचे खंडाळे गाव देऊन कंपनीने महाबळेश्वरचा डोंगरमाथा घेतला आणि तिथे माल्कमपेठ उभी राहिली. हेतू आरोग्याचा होता. आजारी गोऱ्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना वर आणायचे, थंडाव्यात ठेवायचे आणि बरे करून खाली पाठवायचे.

त्या काळच्या वैद्यकाचे म्हणणे असे होते, की दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून विषारी वाफ निघते आणि तिने ताप येतो. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. वाफ जड असते, ती खाली राहते, म्हणून उंचावर गेले की ताप मागे पडतो, असा तो हिशेब. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर आहे. त्यामुळे हिशेब बऱ्याच अंशी जुळायचादेखील. चुकीचे कारण आणि बरोबर परिणाम अशी ही जोडी होती, आणि अशी जोडी फार दिवस टिकते. उंचावर ताप कमी होता तो थंडीमुळे. डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूला वाढायला ऊब लागते. साधारण सोळा अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. महाबळेश्वरच्या हिवाळी रात्री पारा त्याच्याही खाली जातो आणि एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकणही होतात. पण डास कोणाच्या हिशेबातच नव्हता.

त्याच हिशेबातून महाबळेश्वरात आणखी एक प्रयोग झाला. १८६० च्या दशकात लिंगमळ्याला सरकारने सिंकोनाची लागवड केली. याच झाडाच्या सालीतून कोयनेल निघते. ते वेगळे काढण्याची रीत पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये शोधली होती. निलगिरीवर सिंकोना रुजली, लिंगमळ्याला रुजली नाही. इथला पाऊस तिला मानवला नाही आणि काही वर्षांनी तो मळा सोडून द्यावा लागला. आज लिंगमळ्याला लोक धबधबा पाहायला जातात. हिवतापावरचे औषध पिकवायचा एक फसलेला प्रयत्न या मातीत पुरलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सुश्रुताचा 'पार्वतीय'

डास कोणाच्याच हिशेबात नव्हता, असे म्हटले खरे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटकांच्या दंशाचा विचार आहे आणि तिथे मशकांचे पाच प्रकार दिले आहेत : सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय. दंशाची लक्षणेही आहेत. तीव्र खाज सुटते आणि दंशाची जागा सुजते. पाचवा, म्हणजे डोंगरातला मशक, मात्र प्राण घेणाऱ्या कीटकांसारखी लक्षणे दाखवतो, आणि नखांनी खाजवले की फोड येऊन त्यांची आग होते, ते पिकतात.

यावरून 'आमच्याकडे सगळे आधीच माहीत होते' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. मशकाच्या पोटातून रोगाचा जंतू अंगात शिरतो, असे सुश्रुताने म्हटलेले नाही. पण त्याचे निरीक्षण पाहण्यासारखे आहे. दंश वेगळा आणि खाजवल्याने होणारी जखम वेगळी, हा भेद त्याने केला. कुत्रा पाळणाऱ्याला हा भेद आजही कळावा लागतो.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत कुत्र्यालाही जागा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त सारमेयविनोद म्हणून प्रकरण आहे. शिकारीच्या कुत्र्यांची पारख हा त्याचा विषय. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. महाबळेश्वरला उगम पावलेली वेण्णा माहुलीलाच कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या अंगणावरून वाहिलेले पाणी खंड्याच्या दगडी मूर्तीजवळून पुढे जाते.

खंड्याचा मान हा अपवाद. दप्तरात कुत्रा येतो तो बहुधा वेगळ्या कारणाने.

दप्तरातला कुत्रा

जून १८३२ मध्ये मुंबईत दंगल झाली. भटके कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने शिपाई घरांतले, दारातले कुत्रेही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. लोक रस्त्यावर आले, बाजार बंद झाले आणि कोटात जाणारा रसद-पुरवठा अडवला गेला. इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली.

हुकुमामागचे भय खरे होते. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे त्या काळी मरणच. लुई पाश्चरने १८८५ मध्ये माणसावर लस वापरली आणि भारतात कसौलीला १९०० मध्ये पाश्चर संस्था सुरू झाली, तेव्हा त्या मरणावर पहिला उतारा सापडला. पण या सगळ्या कागदपत्रांत एक गोष्ट समान आहे. कुत्रा तिथे येतो तो चावणारा म्हणून. त्याला कोण चावते, हा प्रश्न दप्तरात नाही.

जनावरांच्या वैद्यकाचीही सुरुवात कुत्र्यापासून झाली नाही. मुंबईत परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई पेटिट जनावरांचे रुग्णालय १८८३ मध्ये उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. सरकारला काळजी होती ती पलटणीच्या घोड्यांची आणि शेतातल्या बैलांची. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. आदल्याच वर्षी ब्रह्मदेशात खेचरांच्या 'सर्रा' रोगाचा अभ्यास करून ते आले होते. या रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिला होता. तो जंतू चावणाऱ्या माश्यांमार्फत एका जनावरातून दुसऱ्यात जातो, आणि कुत्र्यालाही तो होतो. माशी चावते आणि रक्तात काही सोडून जाते, हा विचार जनावरांच्या दवाखान्यांच्या दाराशी येऊन ठेपला होता.

हृदयातले दोरे

कुत्र्याच्या हृदयात जंत असतात, हे युरोपात फार आधी दिसले होते. इटलीतील फ्रान्सेस्को बिरागो याने शिकारीवरच्या १६२६ मधील पुस्तकात त्याची नोंद केली. १८४३ मध्ये पॅरिसला ग्रुबी आणि देलाफाँ यांनी कुत्र्याच्या रक्ताच्या थेंबात वळवळणारी सूक्ष्म पिल्ले पाहिली. १८५६ मध्ये अमेरिकेतील जोसेफ लायडी याने या जंताला शास्त्रीय नाव दिले. आज त्याला 'डायरोफिलेरिया इमिटिस' म्हणतात. मराठीत हृदयकृमी म्हणावे. जंत पांढरा, शेवयासारखा, मादी वीतभर किंवा त्याहून लांब. तो उजव्या हृदयात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत राहतो.

तो तिथे जातो कसा, हे मात्र कोणाला सांगता येईना. पाण्यातून जात असेल, असे बहुतेकांना वाटे.

उत्तराकडे नेणारी पहिली पायरी हत्तीरोगाच्या अभ्यासातून सापडली. कलकत्त्याला टिमथी लुइस याने १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी पाहिले. गावठी कुत्र्यांच्या रक्तातल्या कृमींचाही त्याने अभ्यास केला. म्हणजे रस्त्यावरचा कुत्रा प्रथमच चावणारा म्हणून नव्हे, तर रोगी म्हणून दुर्बिणीखाली आला. चीनमध्ये अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने १८७७ मध्ये दाखवले, की हे कृमी डासाच्या पोटात वाढतात. पण डास अंडी घालून पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे त्याला वाटले. अर्धे उत्तर बरोबर होते, अर्धे चूक.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू पाहिला. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून तो जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो आणि दंशातून परत अंगात जातो, हे त्याने सिद्ध केले. मग कोडी भराभर सुटली. १९०० मध्ये जॉर्ज कार्मायकल लो याला हत्तीरोगाचे कृमी डासाच्या सोंडेत सापडले. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याचा हृदयकृमीही डासाच्या दंशातूनच पसरतो, हे दाखवले. म्हणजे बिरागोच्या नोंदीपासून पावणेतीनशे वर्षे आणि माल्कमपेठ वसल्यापासून एकाहत्तर वर्षे लागली, तेव्हा 'हवे'च्या जागी 'डास' आला.

इकडे लिस्टन याने १९०१ मध्ये ॲनॉफिलीस स्टीफन्साय या डासाचे वर्णन केले. १९११ मध्ये बेंटली याच्या अहवालाने दाखवले, की मुंबईचा हिवताप घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. विहिरी झाकायला, बुजवायला लोकांचा विरोध झाला, कारण विहिरीलाही धर्म होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ पासून मुंबई इलाख्यात कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली डीडीटीची फवारणी झाली आणि १९५३ मध्ये देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम आला. आमच्या घराच्या भिंतीवर फवारणीवाले तारीख लिहून जात, ते मला आठवते. ते गोठ्यातही फवारत. कुत्र्याच्या गोणपाटाकडे मात्र कोणी पाहत नसे.

मोत्याचे पुनर्वाचन

एका दंशाचा पुढचा प्रवास कळला, की मोत्याची हकीकत वेगळी वाचता येते.

रोगी कुत्र्याला चावलेला डास रक्ताबरोबर सूक्ष्म पिल्ले ओढतो. उबदार हवेत दहा ते चौदा दिवसांत ती डासाच्या अंगात पुढच्या अवस्थेला पोहोचतात. थंडीत वेळ लागतो आणि साधारण चौदा अंशांच्या खाली वाढ थांबते. मग तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावतो. दंशाच्या छिद्रातून अळ्या कातडीखाली जातात, महिनोन्‌महिने प्रवास करतात आणि सहा-सात महिन्यांनी हृदयापाशी प्रौढ होतात. तिथे त्या पाच-सहा वर्षे जगतात. इतका काळ कुत्रा वरून धडधाकट दिसू शकतो. मग कोरडा खोकला, चढावर थकणे, वजन उतरणे आणि शेवटी पोटात पाणी होणे.

भारतात हा हृदयकृमी ईशान्येकडे अधिक आढळतो. दक्षिणेत आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याचा चुलतभाऊ 'डायरोफिलेरिया रेपेन्स' जास्त. तो हृदयात न जाता कातडीखाली राहतो, कुत्र्याच्या अंगावर गाठी करतो आणि डासामार्फत कधीकधी माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखालीही येतो. मोत्या आसामातून आला होता. त्याचा खोकला, त्याचे थकणे, त्याचे पोट, सगळे क्रमाने जुळते.

पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. म्हाताऱ्या कुत्र्याचे हृदय इतर कारणांनीही थकते आणि पोटात पाणी यकृताच्या रोगानेही होते. मोत्याच्या रक्ताचा थेंब कोणी काचेवर घेतला नाही. तो घेतला असता, तर १८४३ पासून माहीत असलेल्या रीतीने कदाचित उत्तर मिळाले असते. ज्यांना दाखवले, त्यांनी खोकल्याचे औषध दिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हीच त्यांना सांगितले होते, 'हवा मानवत नाही.' आम्ही कारण सांगून बसलो होतो, म्हणून कोणी ते शोधले नाही.

दंश ओळखावा कसा

गेल्या वर्षी ऑक्टोबरात नात सुट्टीला आली होती. तिने आमच्या आताच्या कुत्र्याचे तोंड हातात धरले आणि विचारले, "आजोबा, खंड्याच्या नाकावर हे काय झालंय?" नाकाच्या दांड्यावर तीन-चार लाल फुगोट्या होत्या, कानाच्या आतल्या बाजूला आणखी दोन. तो पंजाने नाक घासत होता आणि तोंड गोणपाटावर रगडत होता. नाव मी हौसेने माहुलीच्या खंड्यावरून ठेवलेले, पण पाहणारे डोळे नातीचे.

महाबळेश्वरात ऐन पावसाळ्यात डास त्रास देत नाहीत, असा आमचा अनुभव. कोसळत्या पावसात पाणी साचून राहत नाही, वाहून जाते. घराला गवताच्या झडी बांधलेल्या असतात. पाऊस थांबला, की झडी उतरतात, कुंड्यांखालच्या थाळ्या, पत्र्याचे पन्हळ, टायर, स्ट्रॉबेरीच्या शेताकडेला टाकलेले मल्चिंगचे प्लास्टिक, सगळीकडे पाणी उभे राहते. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. बाजारपेठ पुन्हा भरते त्याच वेळी कुत्र्यांच्या अंगावर फुगोट्या येऊ लागतात.

इतकी वर्षे वाचून आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जे कळले, ते इथे सांगतो. डास कुत्र्याला केस विरळ असतात तिथे चावतो : नाकाचा दांडा, डोळ्यांभोवती, कानाची पाळी, पोट, मांडीची आतली बाजू. दंशाची जागा वाटाण्याएवढी किंवा लहान, लालसर, मऊ फुगते, खाजते आणि बहुधा एक-दोन दिवसांत बसते. कानाच्या अगदी टोकाला रक्ताळलेल्या काळ्या खपल्या धरल्या असतील, तर ते काम डासाचे नसून चावणाऱ्या माशीचे. शेपटीच्या मुळाशी खाज आणि केसांत काळी भुकटी असेल, तर पिसवा. ती भुकटी ओल्या कागदावर टाकली, की तांबडी होते, कारण ते पचलेले रक्त असते. गोचीड दंशाच्या जागीच चिकटून बसते, ती बोटाला लागते. केस झडून कातडी जाड होत असेल, तर खरूज. आणि जी गाठ आठवड्याने बसत नाही, ती डासाचा साधा दंश समजू नये.

उपाय साधे आहेत. गार पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवावी. खाजवू देऊ नये, कारण सुश्रुताने म्हटल्याप्रमाणे खरा त्रास नखांनी सुरू होतो. जखम झालीच, तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसावी. माणसांचे मलम, बाम, कापूर, अंगाला लावायची डासांची क्रीम कुत्र्याला लावू नये. तो ते चाटतो आणि त्याच्या पोटात विष जाते. आपल्या ताप-दुखीच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. खाजेची गोळी डॉक्टरांनी वजन पाहून सांगितली, तरच द्यावी. कुत्र्यांसाठी मिळणारी काही कीटकनाशके मांजराला जीवघेणी ठरतात, म्हणून घरात मांजर असेल, तर आधी विचारावे. तोंड एकदम सुजले, श्वासाला धाप लागली, ओकाऱ्या झाल्या किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर घडी ठेवत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

गोठ्यात करंजाचे तेल आणि गोवरीचा धूर करायची आमच्याकडे पद्धत होती. धुराने डास हटतात हे खरे, पण कोंदट जागेत कुत्र्याची छाती भरते. आधीच खोकणाऱ्या कुत्र्याला तो धूर नकोच. मोत्याला आम्ही चुलीजवळ, धुरात, 'ऊब' म्हणून बांधत होतो.

हे झाले दिसणाऱ्या दंशाचे. न दिसणाऱ्यासाठी रक्ताची तपासणी आहे आणि दरमहा द्यायचे प्रतिबंधक औषध आहे. आयव्हरमेक्टिन हे त्यातले मुख्य. १९८७ मध्ये अमेरिकेत ते कुत्र्यांच्या हृदयकृमीसाठी वापरात आले आणि ते ज्या शोधातून निघाले, त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. पण ते आपल्या मनाने देण्याचे औषध नाही. अंगात आधीच कृमी असताना दिले, तर कुत्र्याला धक्का बसू शकतो, आणि कॉली जातीच्या काही कुत्र्यांना ते सोसत नाही. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

अंगणातला धडा

नातीने दाखवल्यावर मी खंड्याला घेऊन वाईला उतरलो. फुगोट्या साध्या निघाल्या, दुसऱ्या दिवशी बसल्याही. पण मी रक्त तपासून घेतले. डॉक्टरांनी कारण विचारले. मी म्हणालो, "पन्नास वर्षांपूर्वीचे राहून गेले आहे." तपासणीत काही निघाले नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दिनदर्शिकेवर मी एक फुली मारतो आणि त्याला डॉक्टरांनी सांगितलेली गोळी गुळाऐवजी भाकरीच्या तुकड्यात देतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला मोठी नावे आणि मोठ्या तारखा मोहात पाडतात. या लेखातही त्या पुष्कळ आल्या. पण रॉसचा शोध सिकंदराबादहून आमच्या अंगणात पोहोचायला सत्तर-पंच्याहत्तर वर्षे पुरली नाहीत, ही गोष्ट मला त्या तारखांपेक्षा महत्त्वाची वाटते. माणसाच्या तापासाठी भिंतींवर फवारणी झाली, तेव्हाही कुत्र्याचा खोकला आम्ही हवेवरच सोडला. चावणाऱ्या कुत्र्याची मुंबई सरकारने १८३२ मध्ये नोंद ठेवली. चावल्या गेलेल्या कुत्र्याची नोंद ठेवणे हे ज्याच्या दारात तो बसतो, त्याचेच काम आहे.

या दिवाळीलाही पाऊस उशिरा सरला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नात आणि मी कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या केल्या, पन्हळातला पाला काढला, पिंपावर जुने धोतर ताणून बांधले. खंड्या मधे मधे करत होता. शेवटची थाळी उलटली, तेव्हा तिच्यातल्या पाण्यात केसाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. नात म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा?"

"एवढ्याशाच," मी म्हणालो आणि पाणी उन्हातल्या फरशीवर ओतले.